जुन्या संगणकाचे बिघाड आणि त्यांचे निदान : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

मराठवाड्यातील शिक्षणसंस्थांच्या इतिहासात संगणकाचा उल्लेख येतो तो बहुधा उद्घाटनाच्या प्रसंगाने. फीत कापली जाते, वार्षिक अंकात छायाचित्र छापले जाते आणि 'महाविद्यालयाने एकविसाव्या शतकात पदार्पण केले' असे वाक्य त्याखाली येते. त्यानंतर त्या संगणकाचे काय झाले, याची नोंद मात्र कोठेच होत नाही. जडसंग्रह नोंदवहीत प्रत्येक संगणकाच्या वाट्याला दोनच तारखा येतात. एक खरेदीची व दुसरी निर्लेखनाची. या दोन तारखांच्या मध्ये गेलेली आठ-दहा, क्वचित पंधरा वर्षे हा खरा तर त्या यंत्राचा इतिहास होय. ते यंत्र कधी मध्येच थांबले, कधी सुरूच झाले नाही, कधी निळा पडदा दाखवून गप्प बसले आणि प्रत्येक वेळी कोणीतरी ते उघडून पुन्हा चालते केले. प्रस्तुत लेखात या मधल्या काळाचा विचार करावयाचा आहे.

नांदेड व लातूर ही दोन शहरे येथे एकत्र घेण्याचे कारण शैक्षणिक आहे. नांदेडला पीपल्स महाविद्यालय १९५० साली व श्री गुरु गोविंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय १९८१ साली सुरू झाले. लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाल्यावर दोन्ही जिल्हे एका विद्यापीठाच्या कक्षेत आले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व त्याच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने तालुक्याच्या गावापर्यंत संगणक नेला. या विस्ताराचे आकडे सांगणारे अहवाल पुष्कळ आहेत. बिघाडांचा अहवाल मात्र कोणी लिहिला नाही. तो दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातांत राहिला.

या लेखाचे प्रतिपादन असे की, या परिसरातील जुन्या संगणकाच्या बिघाडांचे मूळ बहुतांशी त्या पेटीच्या बाहेर होते. ते विजेत, मातीत, हवेत आणि आपल्या लिपीच्या विशिष्ट परिस्थितीत होते. तसे पाहिले तरच ही यंत्रे इतकी वर्षे का सांभाळली गेली आणि ती निर्लेखित करताना आपण नेमके काय गमावतो, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर मिळते.

निदानाची रीत

संगणक बिघडला की वापरणाऱ्याचे पहिले निदान ठरलेले असे : 'व्हायरस आला असेल.' दुसरा उपायही ठरलेला : फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकणे. या उपायाने कित्येकदा आठवडाभर बरे वाटे, आणि मग तेच दुखणे उलटे. अनुभवी दुरुस्तीकार याच्या नेमके उलट दिशेने जात असे. तो प्रथम भिंतीवरचे सॉकेट पाही, मग यूपीएस, मग संगणकाचा वीजपुरवठा करणारा डबा म्हणजे एसएमपीएस, त्यानंतर रॅम, त्यानंतर मदरबोर्ड व हार्ड डिस्क, आणि सर्वांत शेवटी विंडोज.

या पद्धतीचे तत्त्व वजाबाकीचे आहे. यंत्राला जोडलेले सर्व काही काढून टाकावयाचे. केवळ वीजपुरवठा, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅमची एक पट्टी एवढेच ठेवावयाचे. या अवस्थेत यंत्राने स्वतःची प्राथमिक तपासणी केली आणि पडद्यावर काही दिसले, तर एकेक भाग परत जोडीत जावयाचे. ज्या भागाबरोबर दुखणे परतले तो दोषी. पडद्यावर काहीच दिसले नाही तर कानाने ऐकावयाचे. लहान स्पीकरमधून येणाऱ्या बीपच्या संख्येवरून व लांबीवरून रॅम की डिस्प्ले कार्ड हे कळे. मात्र हे संकेत बायोस बनविणाऱ्या कंपनीगणिक बदलत असल्यामुळे कोणता बायोस आहे हे आधी ठाऊक असावे लागे. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात शाळकरी खोडरबराने पुसून ती पुन्हा बसविणे हा उपाय हास्यास्पद वाटतो, परंतु तो शास्त्रशुद्ध आहे. संपर्काच्या ठिकाणी धूळ व ऑक्सिडीकरणाचा थर साचला की विद्युत् संपर्क अधूनमधून तुटतो व यंत्र कोठेही थांबते. एसएमपीएस स्वतंत्रपणे तपासण्यासाठी त्याच्या मोठ्या जोडणीतील हिरवी व काळी तार तारेच्या तुकड्याने जोडून तो सुरू करीत आणि मल्टिमीटरने १२, ५ व ३.३ व्होल्टच्या तारा मोजीत. पाच टक्क्यांहून अधिक फरक आढळला की तो बदलावयाचा.

हे कौशल्य अभ्यासक्रमातून आलेले नव्हते. त्यातील पुष्कळसे रेडिओ व दूरचित्रवाणी संच दुरुस्त करणाऱ्यांच्या परंपरेतून, सोल्डरिंग गन व मल्टिमीटरसह, संगणकाच्या दुकानात आले. सुट्या भागांची वाटही भूगोलानेच ठरविलेली होती. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. निजामी राजवटीपासूनचा तो संबंध सिकंदराबादच्या रेल्वेने टिकविला, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठण्याऐवजी सिकंदराबादच्या बाजारातून मदरबोर्ड आणणे सोयीचे होते. लातूरचा ओढा सोलापूर-पुण्याकडे राहिला. संगणकाच्या इतिहासातही जुन्या हैदराबाद संस्थानाची सीमा अशी पुसट दिसत राहते, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाला नोंद घेण्याजोगी वाटावी.

वीज

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन जून २००५ मध्ये महावितरणसह वेगवेगळ्या कंपन्या अस्तित्वात आल्या, आणि नेमकी तीच वर्षे राज्यातील तीव्र भारनियमनाची ठरली. वीजगळती व वसुली यांच्या प्रमाणानुसार विभागांचे गट पाडून भारनियमनाचे तास ठरविण्यात येत असल्यामुळे मराठवाड्याच्या वाट्याला अंधार अधिक आला. २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद ठेवावे लागले, यावरून या प्रदेशात पाणी व वीज हे दोन प्रश्न किती जवळचे आहेत हे दिसते.

भारनियमनाचा संगणकावर होणारा परिणाम केवळ 'लाइट गेली, काम थांबले' एवढाच नव्हता. महाविद्यालयीन कार्यालयात सर्वत्र आढळणाऱ्या लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तास क्षमतेची शिसे-आम्ल बॅटरी असते. ती पूर्ण भरण्यास सहा ते आठ तास लागतात. दिवसातून दोनदा वीज जाणार असेल तर ती कधीच पूर्ण भरत नाही, अर्धवट भरलेल्या अवस्थेत तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि अल्पावधीत तिची क्षमता नाममात्र उरते. यूपीएसचा दिवा मात्र हिरवाच राहतो. वीज जाताच संगणक क्षणात बंद पडतो. त्या क्षणी हार्ड डिस्कवर काही लिहिले जात असेल तर ते अर्धवट राहते. विंडोज ९८ च्या काळातील फाइल-रचनेत अशा अर्धवट लेखनाचा मागोवा ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून वीज परतल्यावर निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क चाले, तुटक फाइलींचे तुकडे सापडत आणि काही दिवसांनी विंडोज सुरू होणेच बंद होई. वापरणारा म्हणे, 'विंडोज खराब झाले.' खराब झालेली असे ती सहाशे रुपयांची बॅटरी.

वीज जाण्यापेक्षा ती परत येणे अधिक घातक होते. डीपीवरील न्यूट्रल तुटली किंवा सैल झाली की एका फेजवरील व्होल्टेज २३० वरून ४०० च्या दिशेने चढते. जुन्या धाटणीच्या एसएमपीएसमध्ये प्रवेशद्वाराशी २०० व्होल्टचे दोन कॅपॅसिटर एकापुढे एक जोडलेले असतात. म्हणजे एकूण मर्यादा ४०० व्होल्ट. २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचे शिखर सुमारे ३२५ व्होल्ट असते, ते या मर्यादेत बसते. पुरवठा ३०० व्होल्टवर गेला की शिखर ४२४ वर पोहोचते आणि मर्यादा ओलांडली जाते. मोठा आवाज होतो, धूर निघतो. त्याच डब्याच्या पाठीमागे ११५ व २३० असे अंक दाखविणारी एक लाल कळ असे; एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने ती ११५ कडे सरकविली तर हाच आवाज भारनियमनाशिवायही ऐकू येई. बीपचे अर्थ शिकविताना त्या कळीविषयी एक वाक्य सांगितले गेले असते तर कित्येक प्रयोगशाळांचे नुकसान टळले असते.

रॅम निर्दोष आहे की नाही हे ठरविण्यासाठी मेमटेस्ट नावाची एक चाचणी रात्रभर चालवावी लागते. ज्या गावात सलग आठ तास वीज मिळत नाही तेथे ही चाचणी पूर्णच होत नाही. त्यामुळे येथील दुरुस्तीकार दुसरी चांगली पट्टी लावून पाहण्याच्या पद्धतीकडे वळला.

माती

अर्थिंगविषयी आपल्याकडे विलक्षण अनास्था आहे. संगणकाच्या कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येणे हे इतके सर्वपरिचित होते की त्यास बिघाड मानलेच जात नसे. त्यामागचे कारण सरळ आहे. एसएमपीएसच्या आत विद्युत् गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी दोन लहान कॅपॅसिटर कॅबिनेटशी जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तो अल्प प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्म्याइतके, म्हणजे सुमारे ११५ व्होल्ट, उभे राहतात. प्रवाह अत्यल्प असल्यामुळे माणसाला केवळ झिणझिण्या येतात.

इमारत बांधताना अर्थिंगचा खड्डा कोळसा व मीठ घालून केलेला असतोच; पण त्यात अधूनमधून पाणी घालावे लागते, हे पुढे विसरले जाते. मराठवाड्याची काळी माती उन्हाळ्यात आक्रसते, तिला भेगा पडतात आणि धातूच्या कांबीचा मातीशी असलेला संबंध सुटतो. खाली बेसाल्टचा खडक, ओल नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. माणसांना पाणी नसताना अर्थिंगच्या खड्ड्यात बादली ओता असे कोण कोणाला सांगणार? दुष्काळ आणि संगणकाचा बिघाड यांचा संबंध असा मातीतून जातो.

याचा पहिला बळी संगणकाचे प्रिंटर जोडण्याचे पोर्ट असे. संगणक एका सॉकेटवर, प्रिंटर दुसऱ्या फेजवरच्या सॉकेटवर, आणि दोन्हींना अर्थिंग नाही. अशा स्थितीत दोन्ही सुरू असताना केबल जोडली की दोन कॅबिनेटांमधील फरकाचा प्रवाह त्या केबलमधूनच वाहतो आणि पोर्टचे परिपथ जळते. या जळण्याचा मराठी मजकुराशी किती निकटचा संबंध होता, हे पुढे येईल.

उष्णता, धूळ आणि फुगलेले कॅपॅसिटर

नांदेड समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर गोदावरीकाठी, तर लातूर बालाघाटाच्या पठारावर सुमारे ६३० मीटरवर आहे. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचे तापमान चाळीस अंशांच्या बरेच पुढे जाते. २००० नंतरच्या पेंटियम ४ प्रोसेसरांपैकी काही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकीत. पंख्याखालील धातूच्या फटीत कापसाचे तंतू, डाळमिलचा भुसा व रस्त्यावरची धूळ यांची जाड गादी बसली आणि प्रोसेसरवरील लेप वाळला की दुपारी यंत्र मंद होई किंवा आपोआप बंद पडे, आणि सकाळी मात्र उत्तम चाले. 'सकाळी चालतो, दुपारी चालत नाही' एवढ्या एका वाक्यावरून दुरुस्तीकार ब्लोअर हाती घेई. पाल आणि उंदीर यांचाही या इतिहासात वाटा आहे, परंतु तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

याच काळात एक जागतिक आपत्ती फारसा गाजावाजा न होता येऊन गेली. १ जानेवारी २००० रोजी जगभरचे संगणक कोलमडतील म्हणून मोठी भीती घातली गेली होती. त्या रात्री विशेष काही घडले नाही. मात्र साधारण १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष द्रवाचे कॅपॅसिटर बसविले गेले. त्यांचे डोके फुगे, तपकिरी द्रव झिरपे आणि यंत्र कोणत्याही नियमाविना थांबू लागे. डेल या अमेरिकी कंपनीने २००५ मध्ये असे मदरबोर्ड बदलण्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. आपल्याकडील असेंबल्ड संगणकांच्या मागे अशी कोणतीही कंपनी उभी नव्हती. त्यातच अशा कॅपॅसिटरचे आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, हा नियम नांदेडच्या उन्हाळ्यात काय करीत असेल ते सांगावयास नको. अधिकृत सल्ला 'मदरबोर्ड बदला' असा होता. येथील कारागिराने फुगलेले पाच-सहा कॅपॅसिटर काढून तेवढ्याच क्षमतेचे नवे डाक लावून बसविले आणि यंत्र आणखी काही वर्षे चालविले. याला केवळ काटकसर म्हणणे प्रस्तुत लेखकाला अपुरे वाटते. ही सुट्या घटकापर्यंत पोहोचणारी विद्या होती आणि मोठ्या शहरांतील सेवाकेंद्रांतून ती तेव्हाच मागे पडू लागली होती.

चुकीची तारीख

मदरबोर्डावर नाण्याएवढी ३ व्होल्टची एक बॅटरी असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. रोज सायंकाळी मुख्य कळ बंद करण्याची शिस्त असलेल्या कार्यालयात ती तीन ते पाच वर्षांत संपते. मग संगणक प्रत्येक सकाळी बायोसमध्ये ठरवून दिलेल्या एखाद्या जुन्या वर्षाच्या १ जानेवारीला जागा होतो. तारीख दुरुस्त करण्याचा कंटाळा आला की त्या दिवसाच्या सर्व फाइलींवर तीच खोटी तारीख उमटते.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठी ही क्षुल्लक बाब नाही. उद्या एखाद्या महाविद्यालयाचा इतिहास त्याच्या संगणकीय दप्तरावरून लिहावयाचा झाला तर फाइलीवरील तारीख हा पुरावा म्हणून स्वीकारता येणार नाही. मोडी कागदपत्रांची तारीख पारखताना आपण शक, हिजरी व फसली सन ताडून पाहतो. येथे जावक नोंदवहीतील क्रमांक व पत्रातील अंतर्गत उल्लेख यांच्याशी फाइलीची तारीख ताडून पाहावी लागेल.

लिपी

एवढे बिघाड सोसून ही यंत्रे टाकून का दिली गेली नाहीत? 'पैसा नव्हता' हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मराठी मजकुराचा प्रश्न त्याहून महत्त्वाचा होता.

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूर येथे १९८० च्या दशकाच्या प्रारंभी झाले आणि पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. त्यातून आलेले जिस्ट कार्ड हे संगणकाच्या आत बसविण्याचे यंत्रच होते. ते ज्या जुन्या खाचेत बसे ती आयएसए खाच २००० च्या सुमारास नव्या मदरबोर्डांवरून नाहीशी होऊ लागली. मदरबोर्ड गेला की कार्ड निरुपयोगी, आणि कार्डाबरोबर त्यावर टंकलेला मजकूरही अडकला. पुढे विंडोजवर श्रीलिपी, आयएसएम यांसारखी सॉफ्टवेअरे आली. त्यांच्या व्यावसायिक आवृत्त्यांना बहुधा एक 'लॉक' असे, प्रिंटरच्या पोर्टला लावावयाचा अंगठ्याएवढा ठोकळा. ते पोर्ट जळाले की लॉक ओळखला जात नाही आणि मराठी उघडत नाही. कोरड्या पडलेल्या अर्थिंगच्या खड्ड्यापासून न उघडणाऱ्या प्रबंधापर्यंतची साखळी येथे पूर्ण होते.

नांदेड व लातूरच्या डीटीपी केंद्रांतून शेकडो पानांचे मराठी प्रबंध, गौरवग्रंथ, नियतकालिके पेजमेकरवर अशा फाँटांत जुळविली गेली. प्रत्येक फाँटाची अक्षरमांडणी निराळी. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि विंडोज २००० पासून ती वापरता येऊ लागली, तथापि छपाईच्या व्यवसायाने जुने फाँट दीर्घकाळ सोडले नाहीत. परिणामी जुना संगणक हा केवळ टंकनाचे साधन राहिला नाही. विशिष्ट मजकूर वाचू शकणारे ते एकमेव साधन ठरले. म्हणून कॅपॅसिटर बदलले गेले, जुने एसएमपीएस जपले गेले आणि ८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचा आधार संपल्यानंतरही ती यंत्रे कोपऱ्यात चालत राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे आवश्यक ठरविले. त्यापूर्वीच्या अनेक प्रबंधांची अशी प्रत असलीच तर ती संशोधकाच्या किंवा डीटीपी केंद्राच्या हार्ड डिस्कवरच.

निर्लेखनापूर्वी

१ मे २०१२ पासून ई-कचऱ्याचे नियम लागू झाले व ते पुढे बदलत गेले. १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलात आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपल्यामुळे महाविद्यालयांतून निर्लेखनाची आणखी एक लाट येणार हे उघड आहे. निर्लेखन समितीच्या नमुन्यात यंत्राचा क्रमांक, खरेदीची किंमत व 'दुरुस्तीयोग्य नाही' हा शेरा असतो. आतील मजकुराविषयी रकाना नसतो.

असा रकाना असावयास हवा. यंत्र सुरू होत नाही याचा अर्थ हार्ड डिस्क गेली असा नाही. वर पाहिलेल्या बिघाडांपैकी पुष्कळांत ती शाबूत राहते. ती काढून दुसऱ्या संगणकाला दुय्यम म्हणून जोडावी, तिच्यावर काहीही लिहू नये, आणि प्रथम संपूर्ण प्रत घ्यावी. टकटक असा आवाज येत असेल तर ती पुन्हा पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. प्रत्येक प्रयत्नाने पृष्ठभाग अधिक खरवडला जातो. मजकुराच्या फाइलींबरोबर फाँटांच्या फाइलीही उतरवून घ्याव्यात, कारण त्यांच्याशिवाय हाती आलेला प्रबंध म्हणजे रोमन अक्षरे व चिन्हे यांचा ढिगारा असतो. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. जुन्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी व रफार नंतर टंकलेला असे, युनिकोडमध्ये हा क्रम उलटतो. त्यामुळे जोडाक्षरांपाशी रूपांतर हमखास चुकते. ती प्रत मूळ छापील प्रबंधाशी ओळीगणिक ताडून पाहावी लागते. छापील प्रबंध बहुधा त्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या बंद कपाटात मिळतो.